करंडीभर धान

सुगंधाबाईच्या घरात टोपलीचं मोल टोपलीच ठरवी. टोपलीत मावेल तेवढं धान द्यायचं आणि टोपली न्यायची. सासऱ्यानं असंच विकलं, सासऱ्याच्या बापानंही. सिंदेवाहीकडच्या त्या गावात बुरडांची घरं दोनच, एक हिचं आणि एक दीर लटारूचं. गिऱ्हाइकांची वाटणी झालेली. माजी मालगुजार गुणवंतरावांचं घर हिच्याकडे होतं आणि वर्षाचं निम्मं धान त्या एका घरातून येई.

जंगलातून बांबू फुकट यायचा तोवर हे निभत होतं. मालगुजारांची जमीनदारी गेली, जंगल सरकारचं झालं, आणि डेपोवर नगद मोजल्याशिवाय बांबू मिळेना. नवरा दम्यानं खाटेला लागलेला. तरी खरी अडचण तिच्या बोटांत होती. खळ्यावरची टोपली एका दिवसात होई आणि चार पायल्या धान आणी. झाकणाच्या लहान करंडीला सहा दिवस लागत. काड्या सुतासारख्या काढायच्या, पळसफुलांत रंगवायच्या, झाकण असं बसवायचं की मुंगीला वाट मिळू नये. एवढं करून करंडीत पायलीभरही धान मावत नसे. काम जितकं बारीक, तितका घास लहान. हे तिला वीस वर्षं कळत होतं आणि वीस वर्षं ती करंड्या विणत होती.

चोपन्न सालच्या माघात गुणवंतरावांच्या बायकोनं, इंदुताईंनी, लेकीच्या लग्नासाठी करंडी सांगितली. विणता विणता सुगंधाबाईनं पहिल्यांदाच भाव काढला. धानाच्या रोवणीला मजुरीनं गेलं तर दिवसाचे आठ आणे, म्हणजे सहा दिवसांचे तीन रुपये. बांबू आणि रंगाचे आठ आणे. साडेतीन. आकडा तिनं कुणाला सांगितला नाही. चोरून आणलेल्या वस्तूसारखा तो घरात तिच्याजवळ राहिला.

करंडी घेऊन ती गेली तेव्हा इंदुताईंनी नेहमीसारखं धानाचं सूप पुढे ओढलं. सुगंधाबाईनं झाकणावर हात ठेवला.

“भरू नोका, बाई. याचे साडेतीन रुपये होतेत.”

“काऊन वं? सोन्याच्या काड्या घातल्या का?”

“सहा दिवस बसली मी.”

“मंग मी म्हटलं होतं का सहा दिवस बस म्हणून? एका दिवसात करून आणाची होती. माप तं मापच राह्यते ना!” इंदुताई रागावल्या नव्हत्या, हसत होत्या. “घेऊन जा. खळ्यावरच्या टोपल्या बी आता लटारूकडूनच घेऊ.”

संध्याकाळी लटारू अंगणात येऊन उकिडवा बसला.

“वयनी, मी काही त्यायले टोपली देणार नाई. आज वाटणी मोडली तं उद्या माहं घर बी जाईन. पण गावात बोभाटा झाला. लोकं मले इचारून राह्यले, तू बी रुपये मांगतं का म्हणून.”

“तुले बी बांबू नगदच घ्या लागते ना?”

“लागते. म्हणूनच तं भेव वाटते.” तो उठला. “मोठ्या टोपल्याच कर न, वयनी. करंडीचा शौक आपल्याले कायले?”

सकाळी करंडी घेऊन ती पुन्हा गेली, रुपयांचं नाव काढलं नाही. इंदुताईंनी करंडी भरली, दाबली, वर दोन मुठी जास्त घातल्या. एक दाणा खाली सांडला नाही. लग्नात करंडी हातोहात फिरली, वरमाईच्या मनात भरली. आठ दिवसांनी निरोप आला, तशाच आणखी चार हव्यात, त्याच मोलात. इंदुताईंना वाटलं, बाई खूश होईल. सुगंधाबाई हो म्हणाली. खळ्यावरच्या टोपल्या त्याच घरात जात होत्या.

पहिली एका दिवसात करायची, असं तिनं ठरवलं. पट्ट्या जाड काढल्या. दुपारपर्यंत निम्मी करंडी उभी राहिली. तिनं ती उचलून धरली. विणीतून पलीकडचं कुंपण दिसत होतं. धान मात्र तिच्यात राहिलं असतं. इंदुताईंनी ती घेतलीही असती.

“झाली का?” खाटेवरून नवऱ्यानं विचारलं.

“नाई.”

तिनं विणलेलं उसवलं. मग कोयती घेतली आणि एकेका पट्टीच्या चार चार काड्या करत बसली.