पोटभर भोजनालय, मुक्काम रिठद

हसणार नसाल तर सांगतो. खरं म्हणजे हसलात तरी सांगणारच आहे, कारण ही गोष्ट मी नाही सांगितली तर माझी बायको मंदा सांगते, आणि तिच्या सांगण्यात मी जरा जास्तच मूर्ख दिसतो. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका.

शिरपूर जैनला बसस्टँडच्या रस्त्यावर माझं छोटं भोजनालय आहे. सहा टेबलं आणि दोन पंखे, त्यातला एक फिरतो. नाव पोटभर भोजनालय. मंदिराच्या दर्शनाला लांबून लांबून यात्रेकरू येतात, त्यांच्यावरच माझं दुकान चालतं. कांदा नाही, लसूण नाही, जमिनीखाली पिकणारं काही नाही, आणि सूर्य मावळायच्या आत ताट वाढून मोकळं. एवढं सांभाळलं की झालं, असं मी समजत होतो.

एक दिवस जेवून हात पुसता पुसता एका गिऱ्हाइकानं मला सांगितलं, "मालक, तुम्ही मॅपवर नाही. आम्हाला विचारत विचारत यावं लागलं."

झालं, ते माझ्या डोक्यात बसलं. समोरचा पंक्चरवाला मॅपवर, त्याच्या शेजारचा न्हावी मॅपवर, आणि मी नाही? म्हणजे मी जगात आहे की नाही?

तेवढ्यात अधिक महिना आला आणि सासूबाईंचं धोंड्याचं आमंत्रण आलं. सासर माझं रिठदला, मोटारसायकलनं पाऊण-एक तासाचं अंतर. आता अधिक महिन्यातला जावई म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पुरणपोळी, त्यावर तुपाची वाटी, आमरस, कटाची आमटी, पातोडीची भाजी, कुरडया. ताट समोर आलं तेव्हा मी आधी फोटो काढला आणि मग जेवलो. जेवून अंगणातल्या कडुनिंबाखाली बाजेवर आडवा झालो, आणि पोट भरलं की माणसाला जे सुचतं ते मला सुचलं. म्हटलं, आज दुकान मॅपवर टाकूनच टाकू.

मंदा जवळच सुपात डाळ निवडत बसली होती. म्हणाली, "घरी गेल्यावर करा ना आरामात. दुकानासमोर उभं राहून."

"तुले काय समजते त्यातलं? हे कुठूनही करता येते. याले टेक्नॉलॉजी म्हनते."

फोननं नाव विचारलं, टाकलं. नंबर विचारला, टाकला. मग फोननं विचारलं की आता तुम्ही आहात तेच ठिकाण का? मी म्हटलं, मी नाही तर कोण आहे इथं? दाबलं 'होय'.

मग त्यानं फोटो मागितला. आता इथं मी थोडा खालच्या आवाजात सांगतो. माझ्या दुकानातल्या ताटाचे फोटो माझ्याकडे होते. पण आमचं वरण खायला बरं असलं तरी फोटोत ते घराला द्यायच्या रंगासारखं दिसतं. आणि समोर सासूबाईंच्या ताटाचा ताजा फोटो, तुपासकट. तोच टाकला. खाली लिहिलं, 'घरगुती चव, यात्रेकरूंसाठी खास सोय'. आणि समाधानानं झोपलो.

आठवड्याभरात फोन आला. सांगलीकडचे कोणी आण्णा बोलत होते. म्हणाले, "मालक, उद्या आम्ही बावीस माणसं आहोत. मॅपवर तुमचं ताट बघितलं. आधी तुमच्याकडं जेवणार, मुक्कामाला शिरपूरला, सकाळी दर्शन. सूर्यास्ताच्या आत जेवण झालं पाहिजे बघा."

बावीस माणसं. माझ्या दुकानात एका वेळी इतकी माणसं फक्त उद्घाटनाच्या दिवशी आली होती, तीही फुकट पेढ्यासाठी. मी आणि मंदा दुसऱ्या दिवशी सकाळपासून राबलो. पोळ्या, दोन भाज्या, वरण, भात, शिरा. बंद पंखासुद्धा पुसला.

संध्याकाळी पाचच्या सुमारास आण्णांचा फोन आला. "मालक, पोचलो आम्ही. दुकान कुठं दिसंना."

मी पळत रस्त्यावर आलो. "समोरच आहे. मी रस्त्यावर उभा आहे, हात करतो."

"हात काही दिसंना. इथं एक कडुनिंब आहे."

"कडुनिंब?" मी इकडेतिकडे पाहिलं. "बरं, पांढऱ्या शर्टातला माणूस दिसतो का?"

"पांढरी गाय दिसतीय. बाजूला बाज टाकलीय. दुकान मागच्या बाजूला आहे का?"

मी विचार करायला लागलो, बसस्टँडवर बाज कोणी टाकली? तेवढ्यात फोनमधून लांबून एका बाईचा आवाज आला, "कोन पाह्यजे तुमाले?" आणि आण्णांचं उत्तर ऐकू आलं, "भोजनालयवाल्यांनी पाठवलंय आम्हाला. जेवायचं आहे."

तो आवाज मी लग्नापासून ओळखतो. मी मंदाकडे वळून म्हणालो, "मंदे, बस तुह्या मायच्या अंगनात उभी हाय."

मंदानं पोळ्यांच्या डब्याला झाकण लावलं.

मी सासूबाईंना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. आण्णांना लावला, त्यांचा लागेना. शेवटी शेजारच्याचा ऑटो बोलावला, त्यात पातेली, पोळ्यांचा डबा, शिरा आणि मंदाला बसवलं, आणि मी मोटारसायकलवर पुढे. रस्त्यानं वाकून वाकून सूर्य कुठवर आला ते पाहत होतो. इतक्या काळजीनं मी सूर्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

रिठदला पोचलो तर काय, अंगणात दोन पंगती बसलेल्या. शेजारच्या चार बायका पोळ्या लाटतायत, सासूबाई स्वतः वाढतायत. बिनकांद्याचं पिठलं, मुगाच्या वड्यांची भाजी, तुरीचं वरण, वर गुळाचा शिरा. आणि सांगलीची मंडळी अगदी हॉटेलात बसल्यासारखी, "मावशी, इकडं वड्यांची भाजी आणा", "मावशी, पाणी थंड आहे का", "मावशी, पंखा नाही का हो?" असं करून राहिलेली. आणि सासूबाई पदर खोचून "आनतो बाप्पा, आनतो" म्हणत पळतायत. का? तर ही जावयानं पाठवलेली माणसं. जावयाची इज्जत म्हणजे लेकीची इज्जत.

मला पाहून आण्णा उठून आले. "मालक, काय जेवण आहे हो. पण गाव शिरपूर नाही वाटतं हे?"

आता इथं खरं बोलायची चांगली संधी होती. दोन वाक्यांचं काम होतं. पण अंगणात बावीस माणसं माझ्याकडे पाहत होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "ही आमची रिठदची शाखा आहे."

सासूबाईंच्या हातातली पळी जागच्या जागी थांबली. आण्णांनी किती झाले म्हणून विचारलं, तर त्या उलट रागावल्या, "घरी जेवल्याचे पैसे देते का कोनी?" मंडळी भारावून गेली, जोडीनं पाया पडली आणि शिरपूरच्या रस्त्याला लागली. तेव्हा कुठे मंदाचा ऑटो पोचला. बावीस माणसांचा शिरा मग रिठदच्या गल्लीनं खाल्ला.

सगळं शांत झाल्यावर सासूबाई बाजेवर टेकल्या. "जवाईबापू, शाखा म्हंजे काय वो?"

"म्हंजे... दुकानाची दुसरी जागा, मामी."

"आन ते कोन चालवते?"

मी म्हणालो, "मामी, सारी मोबाईलची चूक हाय. त्यानं जागा चुकीची पकडली."

मंदा मागून म्हणाली, "होय कोनं दाबलं? मोबाईलनं?"

मी उद्याच दुरुस्त करतो म्हणून सांगितलं. आणि करणारही होतो, आईशपथ. पण सकाळी फोन उघडला तर मॅपवर माझ्या नावाखाली पाच तारे. एकानं नाही, नऊ जणांनी दिलेले. 'अशी माया कुठल्याच हॉटेलात नाही.' 'मावशींच्या हाताला देवाची चव.' 'पोटभर भोजनालय, जरूर जा.' दुपारपर्यंत तीन फोन आले. आता तुम्हीच सांगा, दुरुस्त करायला हात धजेल का? म्हटलं, राहू दे दोन-चार दिवस. फोन करणाऱ्यांना मी बरोबर रस्ता सांगीन. तारेही राहतील आणि गिऱ्हाईकही येईल. याला मार्केटिंग म्हणतात.

पण सगळेच काही फोन करून येत नाहीत. तिसऱ्या दिवशी पाच माणसं थेट रिठदला गेली. रविवारी दोन कुटुंबं. सोमवारी एक म्हातारं जोडपं, त्यांना तर सासूबाईंनी मुक्कामालाच ठेवून घेतलं. मला यातलं काही कोणी सांगितलं नाही. मला फक्त तारे दिसत होते.

मंगळवारी मंदाला तिच्या आईचा फोन आला. मंदानं बोलणं ऐकलं, आणि फोन माझ्या कानाला लावला. सासूबाई ओरडत नव्हत्या. थकलेल्या आवाजात सांगत होत्या, "पेरनी तोंडावर आली माय. वावरात धसकटं तशीच पडेल हायेत, आन मी इथं पोया लाटून राह्यली. दारात आलेल्या मानसाले उपाशी कसं लावाव? जवाईबापूले म्हना, सांगून तरी पाठवत जा."

फोन मंदाच्या हातात देताना मला तिच्याकडे पाहता आलं नाही. तसाच मोटारसायकल काढून रिठदला गेलो. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. नेटवर्क, सॅटेलाइट, कंपनी, सर्व्हर, जेवढे शब्द येत होते तेवढे. पण दारात पोचलो तर सासूबाई चुलीपुढे, हाताला पीठ, आणि अंगणात पाहुण्यांची आणखी एक गाडी उभी. जुळवलेलं सगळं विसरलो.

"मामी, मोबाईलची काही चूक नोयती. म्याच इथं बाजेवर पडून तुमच्या घराची जागा टाकली. आन फोटोबी तुमच्याच ताटाचा टाकला."

"माह्या ताटाचा? धोंड्याच्या?"

"हो."

त्यांनी लाटलेली पोळी तव्यावर टाकली. मग म्हणाल्या, "जागा चुकली ते ठीक हाय. गलती मानसाच्या हातून होते. पन माह्यं ताट तुमच्या नावानं दाखवलं, ते चुकून झालं का?"

मी मान खाली घातली.

"जा," त्या म्हणाल्या, "ते बाहेर बसले हायेत. त्याइले सांगा. आन मंग वाढाले या."

मी बाहेर गेलो. सहा माणसं होती, जळगावकडची. हात जोडून सांगितलं की हे भोजनालय नाही, ही शाखाही नाही, हे माझ्या सासूबाईंचं घर आहे, मॅपवरचं ताट त्यांचं आहे, आणि मी खोटं लिहिलं. ते एकमेकांकडे पाहायला लागले. मग त्यातले वयस्कर गृहस्थ म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण जेवण मिळेल ना?"

मिळालं. मी वाढलं. सासूबाईंनी सगळ्यांसमोर मला दोनदा सांगितलं की आमटी अशी ओतत नसतात.

दुसऱ्या दिवशी मी शिरपूरला दुकानासमोर भर उन्हात उभा राहिलो. जागा बदलली, 'होय' दाबायच्या आधी पाटी तीनदा वाचली. जुना फोटो काढून टाकला आणि माझ्याच ताटाचा फोटो टाकला, रंगासारख्या वरणासकट. अगदी हलकं वाटलं. दोन दिवसांनी, दुपारच्या ऐन गर्दीत, बरोबर जागेवर आलेल्या गिऱ्हाइकाचा पहिला शेरा आला. मी वरणाची बादली घेऊन टेबलांमधून फिरत होतो, म्हणून मंदानं मोठ्यानं वाचून दाखवला.

"जागा बदलल्यापासून पहिली मजा राहिली नाही. आधीच्या मावशी शेजारी बसून आग्रहानं वाढायच्या म्हणतात. इथे एक माणूस आहे, तो वाढता वाढता सारखा फोनमध्ये पाहत असतो. दोन तारे."

"साफ खोटं हाय," मी म्हटलं. "आन तो फोन इकडे. आताच उत्तर लिहितो त्याले." एका हातात बादली, दुसऱ्या हातात फोन, आणि अंगठ्यानं मी लिहायला घेतलं की आमच्याकडे प्रत्येक ताटाकडे जातीनं लक्ष दिलं जातं. लिहिता लिहिता समोरच्या ताटात वरण वाढलं. खाली पाहिलं तेव्हा कळलं, भातावर नाही, शिऱ्यावर.

गिऱ्हाईक भला माणूस होता. त्यानं फक्त खिशातून फोन काढला आणि ताटाचा फोटो घेतला.