अर्धी टाकी पेट्रोल

ती गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात आली तेव्हा स्वतः चालत आली होती. परत गेली ती टेम्पोवर चढवून. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, कितीतरी प्रकरणं विसरलो, त्यातली काही विसरलो ते बरंच झालं. ही गाडी मात्र डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा लातूरला एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी फोनवर खबर आली. औसा रस्त्यावरचा एक म्हातारा मिस्त्री दोन सीटची, उघडी, लाल विलायती गाडी चालवतो. गाडी चोरीची आहे आणि कागद भंगारात गेलेल्या दुसऱ्याच गाडीचे लावले आहेत. खात्री करायची असेल तर चेसिसवरचा नंबर बघा. फोन करणाऱ्याने नाव सांगितलं नाही. खबर इतकी बिनचूक असली की आधी ती देणाऱ्याची चौकशी करावी, हे मला माहीत होतं. मी केली नाही.

मिस्त्रीला गाडीसह बोलावून आणायला हवालदाराला पाठवलं. तासाभराने आवारात असा काही आवाज आला की ठाणे अंमलदार लिहिता लिहिता उठून बाहेर गेले. गाडी कमरेएवढीही उंच नव्हती. पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा, वजन इतकं कमी की मागून दोघांनी धरली तर उचलली जाईल. मिस्त्री सत्तरीचा, मूळचा देगलूरचा, डोक्याला रुमाल बांधलेला. शेजारच्या सीटवर बसून आलेला आमचा हवालदार आपण कशाला गेलो होतो ते विसरून हसत होता.

मिस्त्रीला खोलीत बसवलं. कागदावरचा आणि चेसिसवरचा नंबर एकच होता. पण चेसिसवरचे आकडे हाताने ठोकलेले दिसत होते, एक वर तर एक खाली.

"हे आकडे कुणी ठोकले?"

"मीच की सायेब."

इतकी झटपट कबुली मला उभ्या नोकरीत मिळाली नव्हती. मी खूश झालो. पुढचं तो सांगत होता ते मी ऐकलं, म्हणजे लिहून घेतलं. नांदेडकडच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्याची ही गाडी वर्षानुवर्षं शेडमध्ये पडून होती. शेवटी मालकाने ती रीतसर याच्या नावावर करून दिली. नंबर असलेला चेसिसचा तुकडा गंजून गेला होता, म्हणून याने तसाच नवा घडवला आणि त्यावर जुनाच नंबर ठोकला.

"जुना तुकडा घरी हाय. कुणीतरी इचारील म्हणून जपून ठेवलाय."

दुपारी शिपायाबरोबर जाऊन त्याने तो आणलाही, तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळलेला. गंजाने आकडे बुजले होते. मी तुकडा पंचांसमक्ष सीलबंद केला आणि प्रयोगशाळेकडे रवाना केला. गाडी मुद्देमालात जमा केली. चार टायर, एक स्टेपनी, अर्धी टाकी पेट्रोल, सगळं पंचनाम्यात लिहिलं. मिस्त्रीला नोटीस देऊन घरी सोडलं. काम चोख झालं म्हणून मी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. हात जोडले नाहीत, रडला नाही. कामाचं बोलावं तसं बोलला.

"सायेब, गाडी ठेवा. पर आठ दिसाला एकदा मला चालू करू द्या. उभी राहिली की इंजिन आतून धरतंय, जाम व्हतंय."

"मुद्देमालाला हात लावता येत नाही."

"मंग टाकीतलं पेट्रोल तरी काढू द्या. आताच्या पेट्रोलात इथेनॉल हाय. लई दिस राहिलं की पाणी धरतंय, पार कारबोरेटर खाऊन टाकतंय."

मी पंचनामा उघडून दाखवला. अर्धी टाकी लिहिलं होतं, ती अर्धीच राहायला हवी. उद्या कोर्टात कमी भरलं तर उत्तर मला द्यावं लागलं असतं.

त्याने तो कागद नीट वाचला. "तेरा वर्सं लागली मला हिला उठवायला," तो म्हणाला. "आता तेवढी न्हाईत माझ्याकडं. हात बी थरथरतोय."

मी म्हणालो, नियम आहे. खरं तर एक अर्ज कोर्टात पाठवला असता तर परवानगी मिळाली असती. अशी परवानगी मी यापूर्वी एका जप्त म्हशीला चारण्यासाठी घेतलीही होती. म्हैस मरेल हे मला कळत होतं. गाडी मरते हे कळत नव्हतं.

मग तो दर रविवारी फाटकाबाहेर येऊन उभा राहायचा. लांबूनच बघायचा. एकदा मला दिसला तेव्हा गाडीच्या बॉनेटवर आमचा एक शिपाई बसून डबा खात होता. मी शिपायाला उठवलं, झापलं. पत्रा दबला तो दबलाच. मिस्त्रीने मान दुसरीकडे वळवली आणि निघून गेला.

अहवाल यायला पावसाळा उलटून गेला. तुकड्यावरचा पुसट नंबर उमटवून पाहिला होता आणि तो कागदांतल्या नंबराशी जुळत होता. तुकडाही परत आला. मी तो घेऊन गाडीजवळ गेलो आणि नव्या तुकड्यावर ठेवून पाहिला. सगळी भोकं भोकांवर बसली. मूळ कारागिराचं एक भोक सरकलेलं होतं. मिस्त्रीने तेही तसंच सरकवून पाडलं होतं. माझ्या टेबलापासून गाडी तीस पावलांवर होती. सील करण्याआधी त्या दुपारी पंचांना घेऊन मी एवढं केलं असतं, तर त्याच्या बोलण्यात तथ्य आहे हे दहा मिनिटांत कळलं असतं आणि गाडी सुपुर्दनाम्यावर त्याच्याच ताब्यात देता आली असती.

फोन कुणाचा, तेही मग शोधलं. जुन्या गाड्यांचा एक दलाल ही गाडी मागत होता आणि मिस्त्रीने नाही म्हटलं होतं. दलालावर कारवाई केली. त्यामुळे गाडीला काही फरक पडणार नव्हता.

कोर्टाच्या हुकुमाने मिस्त्रीला बोलावलं. त्याने खाली वाकून इंजिन फिरवायचं हँडल पुढून घातलं. ते फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला, तरी फिरेना. उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या, टाकीतून घाण वास येत होता. त्याने हँडल काढून रुमालाला पुसलं.

"मला आत टाकायचं व्हतं सायेब," तो शांतपणे म्हणाला. "मी राहिलो असतो पडून. मानसाला जमतंय ते."

मला लाज वाटली, एवढंच.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? नियम पाळणं म्हणजे काम करणं नव्हे, एवढं तरी. पुढे ज्या ठाण्यात गेलो तिथे पहिल्याच आठवड्यात जप्त वाहनांची यादी काढून ती सोडण्याचे अर्ज लावले. लोक म्हणत, साहेब भला आहे. मी ऐकून घ्यायचो.

गाडी ताब्यात देताना पावतीचा छापील नमुना असतो. त्यात ओळ असते, 'मुद्देमाल सुस्थितीत मिळाला.' मिस्त्रीने बोट ठेवून ती ओळ वाचली. माझ्याकडे पाहिलं. मग खाली सही केली. 'सुस्थितीत' हा एक शब्द मी खोडू शकलो असतो. पेन माझंच होतं, मीच त्याला सहीसाठी दिलं होतं.