हॉवर्डचं ‘नॉट बॅड’

ऑफिसातले किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत, फ्रीजमधल्या उरल्यासुरल्या चटण्यांसारखे ते आपोआप साठत जातात. आमच्याकडच्या निम्म्या वाट्या एकट्या हॉवर्डच्या आहेत!

परळला जुन्या गिरणीच्या आवारात आमचं ड्रॉइंग ऑफिस. लंडनच्या इमारतींचे नकाशे आम्ही इथे बसून काढतो. हॉवर्ड तिथून वर्षभरासाठी साहेब म्हणून आला होता. त्याचं इंग्रजी शब्द न शब्द कळायचं, पण त्याला म्हणायचंय काय ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याच वर्षी लालबागचा सावंत प्रोबेशनवर लागला. तो पक्का होणार की घरी बसणार, हे हॉवर्डच्या हातात होतं. घरी आई, आणि कमावता हा एकटाच.

*

सावंतचा पहिला नकाशा बघून हॉवर्ड म्हणाला, “नॉट बॅड.”

सावंतने डबासुद्धा उघडला नाही. “वाईट नाही म्हणजे काय गं, वैशाली?” त्याने मला विचारलं. “ढकलपास!”

दुपारभर बसून त्याने अख्खा नकाशा नव्याने काढला. तो बघून हॉवर्ड म्हणाला, “क्वाइट गुड.”

सावंतने खूश होऊन सगळ्यांना वडापाव दिला. संध्याकाळी कळलं, हॉवर्डने लंडनला पहिलाच नकाशा पाठवला होता.

*

गच्चीवरची टाकी फुटली तेव्हा छतातून धो धो पाणी आलं. दादरच्या आमच्या प्रधान मॅडम कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या. त्या नकाशांची भेंडोळी डोक्यावर धरून खुर्चीवर उभ्या होत्या. हॉवर्ड पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून लंडनला फोनवर सांगत होता, “वी हॅव अ बिट ऑफ वॉटर.”

लंडनने काम त्याच दिवशी मागितलं. बरोबरच आहे, त्यांना वाटलं कुणाचातरी ग्लास सांडला!

*

माझी एक आयडिया ऐकून तो म्हणाला होता, “इंटरेस्टिंग.” मी आठवडाभर राबून नकाशातला जिना फिरवला. तो बघून हॉवर्ड हादरला. “ओह. यू अ‍ॅक्च्युअली डिड इट?”

*

एकदा सावंतच्या डब्यातलं बांगड्याचं तिखलं त्याने चाखलं. कान लाल, डोळ्यांतून धारा. म्हणाला, “इट हॅज अ लिटल किक.”

लिटल! सावंतला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने आईला सांगून दुप्पट मिरची घातलेलं तिखलं आणलं. हॉवर्डने सगळं संपवलं.

तिसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, ‘स्लाइटली अंडर द वेदर.’ प्रधान मॅडम म्हणाल्या, “स्लाइटली म्हणजे सर्दी असेल.” सलाइन लावलं होतं त्याला!

*

वर्ष संपलं. सावंतचं काय ठरलं, कुणालाच ठाऊक नाही. जायच्या आदल्या दिवशी हॉवर्ड स्वतःहून सावंतच्या घरी जेवायला आला. तिखलंच मागितलं! दुभाषी म्हणून मी सोबत होते.

वाढता वाढता सावंतच्या आईने सरळ विचारलं, “माझ्या झिलाक ठेवतलास मां?”

मुलाला ठेवणार ना, असं मी इंग्रजी करून सांगितलं. हॉवर्ड म्हणाला, “वी वुड रादर मिस हिम.”

मीही शहाणी, जसंच्या तसं सांगितलं, “ते म्हणतात, हा नसला तर जरा चुकल्यासारखं वाटेल.”

काकींच्या हातातला डाव हवेतच थांबला. “नसलो तर? म्हणजे काढल्यानी?”

सावंतने मान खाली घातली. हॉवर्ड आमच्या तोंडांकडे बघत राहिला, आणि वर्षभरात पहिल्यांदाच सरळ बोलला. “ही इज स्टेइंग. पर्मनंट.”

ते मात्र काकींना मी सांगायच्या आधीच कळलं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. हॉवर्ड मला हळूच म्हणाला, “त्यांना विचार, मुलाचा अभिमान वाटतो का?”

मी विचारलं. काकींनी सावंतकडे एकदा बघितलं, त्याच्या ताटात आणखी एक बांगडा वाढला आणि म्हणाल्या, “तसो वाईट नाय.”

मी हॉवर्डला सांगितलं, “नॉट बॅड.”

हॉवर्ड उष्ट्या हाताने उठला आणि सावंतच्या खांद्यावर डावा हात ठेवून उभा राहिला.

सावंत नाक पुसत म्हणाला, “आज जरा तिखट झालंय.”

“अ लिटल,” हॉवर्ड म्हणाला.