उभं राहून कापायचं

माझ्या नणंदेचं कपडे शिवायचं दुकान आहे. शिवायला बायका आहेत, पण कापायचं काम ती कुणाला देत नाही, आणि कापते तेही उभ्यानंच. बसून कापलं की कपड्याचा खांदा चुकतो, हे तिचं ठाम मत. संधिवातानं बोटं वाकडी झाली तेव्हा कात्रीच्या मुठीला स्पंज गुंडाळून, वर चिंध्या शिवून ती कापत राहिली. मग गुडघा गेला. स्टुलावर बसून कापताना गिऱ्हाइकाचा कोट वाया गेला, तशी ती दुकान बंद करायचं बोलू लागली.

माझा गुडघा आधीच बदललेला. तो नुसता वयानं झिजलेला होता. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी मी वॉकर धरून वॉर्डभर मिरवले होते. त्यामुळे घरात गुडघ्यावर शेवटचा शब्द माझा. मी सांगून टाकलं, हिचं दुखणं अंगभर मुरलेलं, एक गुडघा बदलून काय होणार? डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं. तिच्या संधिवाताच्या औषधांमुळे जखम चिघळायचा धोका जास्त, पण दुखणं माझ्याइतकंच थांबू शकेल. मला काही ते पटलं नाही; तिनं मात्र ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं.

ऑपरेशननंतर तिला उभं केलं, तर ती मटकन पलंगावर बसली. उगाच मोठेपणा करून अभद्र बोलले, असं झालं मला.

"गुडघा नाही गं वहिनी," ती म्हणाली, "वॉकरची मूठच धरवत नाही. घरून माझी चिंध्यांची पिशवी आण."

पिशवी आणली. वॉकरच्या मुठींना स्पंज मी गुंडाळला, टाकेही मीच घातले, आणि माझ्या टाक्यांना ती मनसोक्त नावं ठेवत राहिली. मग जाड मुठी धरून उठली आणि दारापर्यंत जाऊन आली.

पुढे जखम भरेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. ती न चिघळता भरली तेव्हा मीच रडले. नणंदेनंच मला पाणी दिलं.

परवा दुकानात गेले. स्टूल कोपऱ्यात, त्यावर कापडाचा गठ्ठा. ती टेबलाशी उभी राहून कोट कापत होती. दुखतंय का, असं विचारायला मी जवळ गेले.

"बाजूला हो," मान वर न करता ती म्हणाली, "कापडावर तुझी सावली पडतेय."

मी बाजूला झाले आणि त्या स्टुलावरचा गठ्ठा सरकवून बसले.