कात्रीरावांनी खोडलेला शेरा

कात्रीराव फाइल शेवटच्या पानापासून वाचायचे. "पहिल्या पानावर सगळे शहाणे असतात, बाई. रक्कम मागं असते, तिथं माणूस कळतो," म्हणायचे. चेन्नईत वित्त खात्यात ते उपसचिव होते. खर्चाचा कुठलाही प्रस्ताव त्यांच्या टेबलावरून निम्मा होऊनच उठायचा, म्हणून कारकुनांनी हे नाव ठेवलेलं. तमिळमध्येही कात्रीला जवळपास हाच शब्द, त्यामुळे ते दोन्ही भाषांत चाललं.

मी सोलापूरची, लेखापरीक्षणात नोकरीला. सरकारी खर्च तपासायला त्यांच्या खात्यात बसू लागले, त्या पहिल्याच दुपारी मागून आवाज आला, "काय करूलागलीस, बाई?" मी दचकले. हा तंजावरच्या मराठी घरातला माणूस माझ्या पणजीलाही जुनी वाटली असती अशी मराठी, तमिळ हेल काढून बोलत होता. पुढे त्यांच्या चेन्नईतल्याच माम्बलम भागातल्या घरी माझं जाणं-येणं सुरू झालं.

घरीही तेच. त्यांच्या पत्नी कमलाकाकू एकदा माझ्यादेखत म्हणाल्या, "ह्यांच्याकडे मिक्सर मागितला, तर विचारतात, भांडवली खर्च की महसुली?" राव गंभीरपणे म्हणाले, "भांडवली. दहा वर्षं चालेल. मंजूर." आणि संध्याकाळी मिक्सर आला. कर्ज काढून टिकणारं काही करावं, आज दिलं नि आज संपलं अशासाठी तूट वाढवू नये, हे त्यांचं मत. निवडणुकीच्या तोंडावर एकेक घोषणा ऐकली की त्यांचं जेवण कमी व्हायचं. खरंच व्हायचं, काकू त्या दिवसांत भात कमी लावायच्या.

त्या वर्षी तूट फारच फुगली. तोट्यातल्या बसफेऱ्यांचं अनुदान थांबवायचं ठरलं आणि यादी रावांकडे आली. शहराबाहेरच्या एका पुनर्वसन वसाहतीतून पहाटे पाचला सुटून शहरातल्या जॉर्ज टाउनला येणारी बस यादीत होती. त्यांनी शेरा मारला : बंद करावी.

मी सहज विचारलं, "सर, त्या बसमध्ये कधी बसलात?"

दोन दिवसांनी फोन आला, "उद्या पहाटे येशील काय?"

बस खचाखच भरली होती, आणि जवळजवळ सगळ्या बायका. बऱ्याचजणी उभ्या उभ्याच डुलक्या घेत होत्या. आमच्या शेजारी सेल्वी नावाची बाई होती. एका इस्पितळात झाडलोट करायची, सहाला हजेरी. बस बंद होणार ही बातमी वसाहतीत पोचली होती. "शेअर ऑटोनं गेले तर अर्धा पगार त्यातच जाईल सार. मग काम सोडायचं," ती म्हणाली. मग तिनं रावांच्या खिशातलं पेन बघितलं. "तुमचं काय काम?"

"लिहिण्याचं," राव म्हणाले.

"मग आम्हाला एक अर्ज लिहून द्या ना. बस बंद करू नका म्हणून."

मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. हेलकावणाऱ्या बसमध्ये, मांडीवर तिच्या पिशवीतली मुलीची जुनी वही ठेवून, रावांनी सुरेख तमिळ अक्षरात स्वतःच्याच शेऱ्याविरुद्ध अर्ज लिहिला. बायकांनी सह्या केल्या, काहींनी अंगठे उमटवले. उतरताना सेल्वीनं मोगऱ्याचा गजरा पुढे केला, "घरी द्या." त्यांनी तो रुमालात बांधून घेतला.

आठवड्यानं तो अर्ज फिरत फिरत त्यांच्याच टेबलावर आला. त्यांनी जुना शेरा खोडला आणि खाली लिहिलं : 'हा अर्ज माझ्या हस्ताक्षरात आहे. पूर्वीचा शेरा मी न पाहता लिहिला होता. फेरी चालू ठेवावी.' तूट वाढू नये म्हणून त्यांनी दुसरा खर्चही सुचवला, रद्द करण्यासाठी : एका वजनदार पुढाऱ्याच्या गावातली शोभेची कमान.

बस राहिली. कमानही झाली. रावांची मात्र प्रशिक्षण केंद्रात बदली झाली, नव्या कारकुनांना टिप्पणी लिहायला शिकवायला. मला वाटलं खचतील. निरोपाच्या दिवशी एवढंच म्हणाले, "माझं गणित बरोबर होतं, बाई. पण त्यात ती पोरं नव्हती, ज्यांची फी आई कामाला गेली तरच भरली जाते. शिक्षणही टिकणारंच आहे की."

निवृत्तीनंतर ते चेन्नईबाहेर सिरुसेरीला मुलाकडे राहायला गेले. तिथं शेवटची भेटले तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले. अर्थसंकल्पाचा दिवस होता. टीव्हीवर दोन पक्षांची माणसं राज्यावरच्या कर्जावरून एकमेकांवर ओरडत होती. रावांनी आवाज बंद करायला लावला.

"त्या कमानीवर तू आक्षेप लिहिलास काय?"

मी लिहिला नव्हता. वरिष्ठांनी 'राहू दे' म्हटलं आणि मी राहू दिलं होतं. तसं सांगितलं. मला वाटलं, रागावतील.

"भीती वाटली?"

"हो."

"मलाही वाटली होती," ते म्हणाले आणि माझा हात थोपटला. महिन्याभरात गेले.

यंदा कमानीची जुनी फाइल पुन्हा काढून मी आक्षेप लिहिला. वरिष्ठांशी दोनदा वाद झाला, पण परिच्छेद अहवालात गेला : चार ओळी, इंग्रजीत. सभागृहात कोणी वाचला असेल असं वाटत नाही. संध्याकाळी कमलाकाकूंना फोन करून त्या ओळी मराठीत सांगितल्या. कमानीचा खर्च, गरज नसताना, वित्त खात्याचा लेखी विरोध डावलून.



"तो विरोध मणजे ह्यांचाच ना?"

"सरांचाच, काकू."

"पुन्हा एकदा वाच," त्या म्हणाल्या. "सावकाश."