सर्वेक्षणाच्या दिवशीचा पंखा

लिहिण्याची मला सवय नाही. दौंडच्या शाळेत आयुष्यभर मुलांचे निबंध तपासले. स्वतःचे म्हणून काही लिहावे, हे धैर्य निवृत्तीनंतरही लवकर झाले नाही. नोकरीच्या त्या काळात मनापासून लिहिलेला एकच कागद आठवतो. तो होता माझ्या आत्याच्या अपिलातील निवेदनाचा.

आत्या घोड नदीच्या काठी, इनामगावच्या अलीकडच्या वस्तीत एकटी राहत असे. आतोबांना जाऊन बरीच वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते, आणि खुरपणीला वाकलेली कंबर आता सरळ होत नव्हती. माझ्याकडून ती पैसे घेत नसे. भावाची लेक ती आपलीच लेक, आणि लेकीच्या सासरचे खायचे नाही, हा तिचा नियम. दिवाळीला एक लुगडे, तेवढेच. निराधारांना दरमहा मिळणारे सरकारी अनुदान मात्र तिला चालणार होते.

“ते कुनाच्या ताटातलं न्हाई,” ती म्हणे. “ते हक्काचं.”

त्या अनुदानासाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असणे आवश्यक होते, आणि त्या यादीसाठी घरोघर सर्वेक्षण सुरू झाले होते. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षे. उन्हाळ्याच्या सुटीत मी आत्याकडे गेले असताना ग्रामपंचायतीच्या शिपायाने निरोप दिला, की उद्या सर्वेक्षणाचे गुरुजी येतील.

आत्याने सकाळी उठून अंगण सारवले, विहारात जाताना नेसायचे पांढरे लुगडे काढले, आणि मला घेऊन शेजारणीकडे गेली. शेजारीण तिशीची, तीन लेकरांची आई, नवरा वीटभट्टीवर. पाहुणा आला की तिच्याकडून खुर्च्या आणायच्या, ही त्या वस्तीची रीतच होती. तिच्या लग्नात भावाने दिलेला एक टेबलफॅनही तिच्याकडे होता. त्याच्या बैठकीवर भावाचे नाव पांढऱ्या रंगात घातलेले होते.

“आक्का, खुर्च्या न्या. पर पंखा कशाला?” शेजारीण हसत म्हणाली. “गुरुजी काय जावई हायेत का तुमचं?”

“जावई असता तर घोंगडीवर बसवला असता. सरकारी मानूस दारात येतोय, त्याला घाम पुसत बसवू व्हय?”

दोन खुर्च्या आत्याने नेल्या. पंखा मी उचलला. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवून ठेवते: पंखा मी उचलला.

गुरुजी सभ्य होते, माझ्याच पेशातले. कपडे किती, घर कसले, वस्तू कोणत्या, असे एकेक प्रश्न ते विचारत गेले. पंख्याच्या वाऱ्याने त्यांचा तक्ता सारखा उडू पाहत होता; त्यांनी त्यावर चहाची बशी ठेवली, वर एकदा पंख्याकडे पाहिले आणि काहीतरी लिहिले.

“दोन वेळचं जेवण होतं का, आजी?”

“व्हतं की. बिनजेवता निजत न्हाई कुनी या घरात.”

दुपारी एक भाकरी आणि दिवेलागणीला कोरा चहा, एवढ्यावर ती राहते, हे मला ठाऊक होते. मी गप्प बसले. वडीलधाऱ्यांचे बोलणे परक्यासमोर खोडायचे नाही, या शिकवणीत मी वाढले होते. पण त्या शिकवणीआड माझा भित्रेपणाही होता, हे आज कबूल केले पाहिजे.

मग गुरुजी शेजारणीकडे गेले. तिच्या खुर्च्या आमच्याकडे, पंखा आमच्याकडे. त्यांनी दारातूनच आत पाहिले आणि उभ्या-उभ्या लिहून घेतले. त्या दिवशी पंख्याबद्दल कोणीही कोणाशी खोटे बोलले नाही. गुरुजींनी जे पाहिले तेच लिहिले.

यादी लागली तेव्हा शेजारणीचे नाव तीत होते, आत्याचे नव्हते. गुरुजींच्या प्रत्येक प्रश्नाला गुण असतात आणि ज्या घराला गुण कमी ते घर गरीब, हा हिशेब मी आत्याला समजावून सांगितला.

“तुझ्या शाळंत कमी गुनाला नापास करत्यात,” ती म्हणाली, “हितं जास्तीला करत्यात व्हय?”

अनुदानाचा अर्ज एका ओळीच्या शेऱ्यासह परत आला: यादीत नाव नाही. यादीविरुद्ध अपील करता येते, असे समजल्यावर मी आत्याच्या वतीने साधा अर्ज दिला, आणि सुनावणीत सादर करायचे सविस्तर निवेदन दौंडला चार संध्याकाळी बसून लिहिले. पंखा शेजारणीचा आहे, बैठकीवर तिच्या भावाचे नाव आहे, ते कोणासही तपासता येईल, असे एकेक वाक्य मी घासूनपुसून मांडले होते. त्या निवेदनाचा मला थोडा अभिमानच वाटत होता.

सुनावणी शिरूरला होती. कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली बसून मी ते आत्याला वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“हे वाचल्यावर सायेब काय करतील?”

“चौकशी करतील. पंखा खरंच तिचा आहे का, ते बघतील.”

“आन् मंग तिचं गुन वाढतील.”

लिहिण्याच्या त्या चार संध्याकाळींत हा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. आता “कदाचित,” एवढेच मी म्हणू शकले.

“तीन लेकरं हायेत तिला. आत्ता कुठं रेशनचा गहू सुरू झालाय.”

“पण आत्या, पंखा तुझा नाही, हे खरंच आहे ना?”

“खरं हाय. पर मी मागून आनला. ती काय माझ्या घरात ठिवायला आली नव्हती.”

तिने कागदाची घडी केली आणि माझ्या पर्समध्ये घालून चेन लावली. तेवढ्यात पुकारा झाला.

अधिकारी वाईट नव्हते. त्यांनी आत्याला स्टुलावर बसायला सांगितले आणि गुरुजींचा तक्ता समोर ओढला.

“आजी, यात पंखा लिहिलाय. तुमचाच का?”

आत्याने माझ्याकडे पाहिले नाही. “माझाच हाय, सायेब.”

“आणि दोन वेळचं जेवण?”

मागे रांगेत गावातले दोघे-तिघे उभे होते. आत्याने पदर सारखा केला. “व्हय.”

“मग अपील कशाला केलंत?” हे त्यांनी मला विचारले.

वर्गात पन्नास मुलांसमोर मी बोलत असे. त्या टेबलासमोर मी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. पंख्याचे खरे सांगावे तर शेजारणीचा गहू जातो. न सांगावे तर आत्याचे अनुदान. निदान भाकरीचे तरी सांगता आले असते, त्यात कोणाचे काही जाणार नव्हते. तेही मला बसमध्ये बसल्यावर सुचले. आत्याचा अंगठा घेतला गेला. अर्जदाराने नोंदी स्वतः मान्य केल्या, सबब अपील नामंजूर, असे त्यांनी लिहिले.

वस्तीवर पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता. शेजारीण धाकट्याला कडेवर घेऊन दारातच उभी होती.

“काय झालं, आक्का?”

“व्हईल. सरकारी काम, येळ लागतो,” आत्या म्हणाली. मग जरा थांबून, “तुझा पंखा दे गं जरा. लई उकडतंय.”

“आता? आज कोन सायेब येनार हाय?”

“कोन न्हाई. मीच बसनार हाय.”

पंखा पुन्हा मीच उचलून आणला. आत्याच्या घरात विजेची एकच जोडणी होती. पंखा लावायचा तर बल्ब काढावा लागे. मी बल्ब काढला. अंधारू लागलेल्या त्या खोलीत आत्या पंख्यासमोर भुईवर डोळे मिटून बसली, आणि मी निवेदन असलेली पर्स मांडीवर धरून तिच्या मागे बसून राहिले.