छल्ल्याचे दोन ठोके

फोन सकाळी आला. घाटकोपरच्या घरी मी ढोलकची दोरी ताणत बसलो होतो. स्क्रीनवर ‘मंगल वहिनी’ हे नाव दिसलं आणि खरं सांगतो, पहिला विचार हरेशचा आला नाही. पहिला विचार आला, कळलं वाटतं यांना! पलीकडून वहिनी एवढंच म्हणाल्या, "पक्या, गेला रं तुझा दोस्त." आणि मला... लिहायला लाज वाटते, पण क्षणभर हायसं वाटलं. मग बांध फुटला. तीस वर्षांचा मित्र गेल्याचं कळतं आणि माणसाला आधी हायसं वाटतं, म्हणजे तो किती घाबरट असेल बघा. ती भीती कसली होती, तेच सांगायचंय.

हरेश खारदांड्याचा कोळी. ढोलक शिकला हळदीच्या आणि होळीच्या गाण्यांवर, कुणा उस्तादाकडे नाही. मी गिरणी कामगाराचा मुलगा, मूळचा मालवणकडचा. आम्ही दोघं भेटलो ते सिनेमाच्या एका संगीतकारांकडे, वाजवायला. त्यांना सगळे मास्तर म्हणत. हरेशच्या उजव्या अंगठ्यात लोखंडी छल्ला असायचा. वाजवायला सुरुवात करण्याआधी तो त्या छल्ल्याने ढोलकच्या खोडावर दोन ठोके मारायचा. टक टक. ते ऐकल्याशिवाय मास्तर हात वर करत नसत. गाण्यात अर्थातच ते ठोके कधी आले नाहीत, रेकॉर्डिस्ट कापून टाकायचा. तसं आमचं नावही कुठे आलं नाही म्हणा. पडद्यावर हिरो ढोलक बडवायचा आणि हात हरेशचा असायचा.

आम्हा वाजवणाऱ्यांत एक रीत होती. कुठेही लिहिलेली नाही, पण होती. दुसऱ्याचा पार्ट वाजवायची वेळ आली तर आधी त्याला विचारायचं. एकदा मी टायफॉइडने अंथरुणाला खिळलो होतो, तर या पठ्ठ्याने अख्खं रेकॉर्डिंग अर्धा तास थांबवलं आणि खाली पानवाल्याच्या फोनवरून मला फोन केला. "पक्या, तुझा पार्ट वाजवू ना रे?"

"अरे वाजव ना! विचारतोस काय येड्यासारखं?"

"विचारायला लागतं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मास्तर गेले, त्याला वर्ष झालं तेव्हा मुलुंडला त्यांच्या आठवणीत मोठा कार्यक्रम ठरला. सगळे जुने वादक एका स्टेजवर, सहा कॅमेरे, नंतर डीव्हीडी निघणार. तालमीला चहा घेताना हरेशचा डावा हात थरथरताना मी पाहिला. कप बशीवर वाजत होता. माझी नजर त्याने पकडली. "कुणाला बोललास तर बघ हां," तो म्हणाला. आवाज दमदाटीचा होता, पण डोळे घाबरलेले. कार्यक्रमात पहिली गाणी कशीबशी निभावली. मग मास्तरांचं ते गाजलेलं जलद गाणं आलं, ज्यात मध्ये नुसता ढोलकच असतो. हरेशने दोन ठोके मारले, सुरू केलं आणि तिसऱ्याच आवर्तनात त्याचा डावा हात थिजला. डाव्या बाजूचा खर्ज गायब. मी शेजारीच कोंगोच्या उभ्या ढोलांवर होतो, जमेल तसं झाकत गेलो. टाळ्या झकास पडल्या, लोकांना काही कळलं नाही. पण हरेशने माझ्याकडे जे पाहिलं ना... तसा चेहरा मी कुणाचाच पाहिला नव्हता.

चार दिवसांनी अंधेरीच्या स्टुडिओतून रेकॉर्डिस्टचा फोन आला. "डाव्या हाताचं काही ऐकूच येत नाहीये रे. तू येऊन वाजव. त्याला नको सांगूस, उगाच दुखावेल." हरेशचा नंबर मी दोनदा लावला आणि वाजायच्या आधीच कापला. विचारायचं म्हणजे त्याच्या तोंडावर सांगायचं, की तुझा हात गेलाय. माझी हिंमत झाली नाही. मी गेलो. समोर स्क्रीनवर त्याचे हात, कानाला हेडफोन, मांडीवर माझा ढोलक. त्याच्या प्रत्येक थापेवर माझी थाप बसवत गेलो. अख्खं गाणं नव्याने वाजवलं. सुरुवातीचे दोन ठोके गाण्याच्या आधीचे होते, ते तेवढे त्याचे राहिले.

डीव्हीडी निघाली त्या संध्याकाळी हॉलमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो, त्याच्या पलीकडे वहिनी. ते गाणं लागलं. हरेशने डावा हात हळूच मांडीखाली घेतला आणि शेवटपर्यंत तसाच ठेवला. हा कानाचा इतका पक्का, याला कळणार नाही? गाणं संपल्यावर म्हणाला, "मस्त वाजलंय ना?"

"तूच तो. अजून काय!"

तो हसला. बस्स, त्यावर आयुष्यात परत एक अक्षर नाही. आणि माझी मात्र वाट लागली. त्यानंतर त्याचं वाजवणं सुटत गेलं, आणि घरी येईल त्याला वहिनी ती डीव्हीडी लावून दाखवायच्या. हजार गाणी वाजवलेल्या माणसाचा चेहरा आणि हात एकत्र दिसतात ते फक्त त्या एका तबकडीत. त्यातला हात माझा. मी खारदांड्याला जायचं टाळायला लागलो. आज ना उद्या कुणीतरी ओळखेल आणि या बाईकडे नवऱ्याचं म्हणून काहीच उरणार नाही, या भीतीने मी आजारी मित्राला भेटायचं टाळत होतो.

बाराव्यालाही तीच डीव्हीडी. भिंतीवरच्या टीव्हीवर गाणं लावलेलं, पाहुणे डोळे पुसतायत, "हात बघा हरेशचा, हात!" मी दोन्ही हात काखेत दाबून उभा. सहज पाहिलं, तर वहिनी टीव्हीकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

पंधरा दिवसांनी त्यांनी बोलावलं. "त्या डीव्हीडीचं बोलायचंय." वहिनी अंधेरीच्या बाजारातून मासळी विकून नुकत्याच आल्या होत्या, कोलंबीची पाटी दारातच. त्यांनी गाणं लावलं. हरेश वाकला, छल्ला उचलला. टक टक. वहिनींनी तिथेच थांबवलं. मागे घेतलं. पुन्हा टक टक. पुन्हा मागे.

"पुढे लावा ना वहिनी," मी कसंबसं म्हणालो.

"पुढं तू हायस. तुला काय ऐकायचं?"

मी मटकन खाली बसलो. वहिनी सांगत होत्या, की डीव्हीडी निघाली त्याच संध्याकाळी, घरी जाताना रिक्षात हरेश त्यांना सगळं बोलला होता. "म्हणाला, पक्यानं माझी लाज राखली. पण इचारलं नाय गं त्यानं. इचारलं असतं तर मीच त्याला हाताला धरून बसवला असता." वहिनींनी पदराने डोळे पुसले. "वाट बघत व्हता रं तो. आज बोलेल, उद्या बोलेल..."

त्याला माझा हात खुपला नव्हता. फोन आला नाही, ते खुपलं होतं. आणि मी त्याच्या दारात जायला घाबरत राहिलो.

गेल्या आठवड्यात बोरिवलीला मास्तरांच्या गाण्यांचा कार्यक्रम होता. तेच गाणं, हरेशचा पार्ट, वाजवणार मी. विंगेत उभं राहून हरेशचा नंबर लावला. तो फोन आता वहिनींच्या पाटीजवळ प्लास्टिकच्या पिशवीत असतो. या वेळी मी फोन कापला नाही. मागे बाजाराचा कल्ला ऐकू आला.

"वहिनी, हरेशचा पार्ट वाजवू ना? आणि हे सगळं पेपरात लिहू?"

मग आवाज आला, "लिव. वाजव पण. फक्त ते दोन ठोके मारू नको हां. ते त्याचे."

मी ढोलक मांडीवर घेतला. सगळे माझ्याकडे बघत होते. दोन ठोक्यांपुरता थांबलो आणि मग सुरुवात केली.